निळ्या खडूची खूण

सकाळचे पावणेआठ वाजलेत. पंचगंगेच्या घाटाचे दगड कालच्या उन्हानं अजून ऊबदार आहेत. चैत्र संपत आलाय. नदी आटून पार पलीकडच्या काठाला सरकली आहे. अलीकडे भेगाळलेला चिखल, त्यात रुतलेली झेंडूची फुलं, फुटकी मडकी, नारळाच्या शेंड्या. उरल्यासुरल्या पाण्यावर जलपर्णी दाटून आली आहे. इचलकरंजीत घरातलं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी लोक इथं येतात.

आज तीन घरांचं रक्षाविसर्जन आहे. पहिल्या घरची माणसं राख भरताहेत. आमचा नंबर दुसरा. तिसऱ्या घरचे लोक रस्त्याकडेला गाड्या लावून टपरीजवळ थांबलेत. कुणी मोठ्यानं बोलत नाही. घमेल्यावर फावडं घासल्याचा आवाज तेवढा येतो.

आम्ही म्हणजे परवा गेलेल्या अण्णांच्या गल्लीतले, त्यांच्या मागाच्या कारखान्यातले आणि गावाकडचे. सत्तर-ऐंशी माणसं असतील. गावाकडचे लोक जत तालुक्यातून पहाटेच्या गाडीनं आलेत. त्यांची धोतरं, टोप्या स्वच्छ आहेत. कारखान्यातले रात्रपाळी सुटल्यावर थेट इथं आलेत. त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मनगटाच्या केसांवर कापसाचा पांढरा भुरा आहे. एकजण पायरीवर बसल्या बसल्या झोपलाय. हनुवटी छातीला टेकली आहे. त्याला कुणी उठवत नाही.

मी त्यांच्याकडे बघत राहतो. दोघेजण घाटाच्या दोन टोकांना उभे आहेत आणि हातांनी बोलताहेत. एकानं दोन बोटं वर केली, मग तळवा पालथा केला. दुसऱ्यानं मान हलवली. आवाज नाही, पण ओठ हलताहेत आणि समोरचा ते ओठ वाचतोय. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेली माणसं अशीच बोलतात. कारखान्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. तिथं हाक पोचत नाही. हात पोचतो. स्मशानातल्या शांततेतही त्यांची ती सवय सुटलेली नाही.

आमचा नंबर लागतो.

लोखंडी चौकटीत राख पडली आहे. शेणींची राख मऊ असते, पांढुरकी. थोरला मुलगा पुढं होतो. आधी दूध, मग पाणी. वाफेसारखा एक वास वर येतो. अण्णांचे भाऊ खाली वाकून अस्थी वेचताहेत, मडक्यात ठेवताहेत. ऐंशीच्या आसपासचं वय, तरी कुणाला मध्ये येऊ देत नाहीत. बाकीची राख घमेल्यात भरली जाते. नदीत सगळी सोडायची नाही असं रात्रीच ठरलंय. नदीची दशा सगळ्यांना दिसते. मूठभर पाण्यात जाईल आणि उरलेली जतच्या शेतात, बांधावर नवीन झाड लावून त्याच्या खड्ड्यात. भावानं पोतं धुऊन आणलंय.

जागा सारवल्यासारखी स्वच्छ होते. त्यावर केळीची पानं मांडली जातात. भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा. बुंदीचे लाडू. कपभर चहा. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. घरून आलेलं, शेजारून आलेलं, बहिणीनं आणलेलं. कारखान्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका कांडीवालीनं कागदात बांधून भजी आणलीत. ती हळूच पानाच्या कडेला ठेवते आणि मागं सरकते.

मग सगळे पंधरा पावलं मागं येतात. आता कावळ्याची वाट.

कावळे आहेत. समोरच्या लिंबावर चार, भिंतीवर दोन. येत नाहीत. पहिल्या घरच्या पानांनाही अजून शिवलेले नाहीत. ऊन पायऱ्या उतरत खाली येतं. बायका भिंतीच्या सावलीत बसल्यात. लहान पोरांना पाणी पाजलं जातंय. पावणेनऊ होतात.

“काय राहिलं असंल बाबा मनात?” कुणीतरी विचारतं.

हा प्रश्न इथं प्रत्येक घराला पडतो. धाकटीचं शिक्षण, म्हणून अण्णांची बहीण पुढं होते. धाकटी मिरजेला नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष आहे. आत्या हात जोडून सांगते, “पोरीचं अर्ध्यावर सोडणार न्हाई. आम्ही हाय.” कावळा भिंतीवरच. मग थोरला जातो. तो कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या एका कंपनीत हिशेब बघतो. त्याला बोलायचं सुचत नाही. नुसता उभा राहून परत येतो.

वाट बघताना माणसं आठवणी काढतात. एक सुरू करतो, दुसरा पुढं नेतो.

भाऊ सांगताहेत, बहात्तरच्या दुष्काळाचं. 1972 साली जतला पाऊस झाला नाही. विहिरींच्या तळाला दगड दिसले. गुरं सोडून दिली. आईबाप खडी फोडायला गेले. तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, त्यावर दिवस काढले. अण्णा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. वडिलांनी त्यांना एका ओळखीच्या माणसाबरोबर इचलकरंजीला पाठवून दिलं. अंगावर एक सदरा आणि पिशवीत एक. “परत येताना पोत्याभर ज्वारी घेऊन आला,” भाऊ म्हणतात. “बारा वर्साचं पोर. पोतं उचलत न्हवतं, तर ओढत आणलं एस्टीपातूर.”

इथं आल्यावर आधी झाडलोट, मग कांड्या पोचवायचं काम. दोन-तीन वर्षं पोरगं मागांमधल्या बोळात पळत राहिलं. अठराव्या वर्षी माग हातात आला. आधी दोन, मग चार.

जॉबर बोलायला लागतात. माग दुरुस्त करणारा तो जॉबर. अण्णांपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण कान त्यांच्याहून जास्त गेलेले. सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगताहेत. तिसऱ्या घरची माणसं वळून बघतात. त्यांना तो आवाज भांडणासारखा वाटत असावा. आमच्या गल्लीत सगळी घरं याच पट्टीत बोलतात.

“तार तुटली की त्येला दिसायच्या आधी कळायची. मी मागाखाली वंगण घालत असायचो, ह्यो तिकडनं चार मागांच्या पलीकडनं यायचा, गाठ मारायचा, जायचा. मी म्हणायचो, तुला कळतंय कसं लेका? म्हणायचा, आवाज बदलतोय.”

आवाज बदलतो! मी त्या कारखान्यात पुष्कळदा गेलोय. मला तिथं एकच सलग खडखडाट ऐकू येतो. त्यातून एका मागाचा, एका तारेचा आवाज वेगळा काढणारा कान आमच्या गल्लीत राहत होता आणि त्याच कानाला घरातली दारावरची थाप ऐकू येत नव्हती.

थोरला मोबाइल काढून काहीतरी करतोय. मला वाटतं, कुणाला तरी फोन करतोय. तो हिशेब करतोय. हळू आवाजात मला सांगतो. 52 पिकाचं पॉपलीन म्हणजे इंचाला 52 आडवे धागे. मीटरला दोन हजारांच्या थोडे वर. हा आडवा धागा नेणारा धोटा माग मिनिटाला दीडशे वेळा फेकतो. तार तुटणं, कांडी बदलणं, लाईट जाणं धरून बारा तासांच्या पाळीत एका मागावर चाळीस मीटर निघतं. चार मागांवर 160. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 48 किलोमीटर.

“चाळीस वर्षं धरली,” तो म्हणतो. “एकोणीसशे किलोमीटर.”

इथून दिल्ली त्याच्या अलीकडे राहते. अण्णा कधी पुण्याच्या पुढं गेले नव्हते.

तो मोबाइल खिशात ठेवतो. आम्ही दोघं पाण्याकडे बघत राहतो.

सव्वानऊ. घाम मानेवरून पाठीत उतरतोय. दिवाणजी घड्याळ बघतात. कारखान्याची वही त्यांच्याकडे असते, त्यांना जायला हवं, पण जात नाहीत. गावाकडची मंडळी परतीच्या गाडीचं बोलायला लागलीत. दुपारची गाडी गाठायची तर जेवणं कधी, किती माणसं टेम्पोतून, किती एसटीतून. दोघांचा त्यावरून थोडा वाद होतो. सगळ्यांचं लक्ष तिकडं. आणि तेवढ्यात धाकटी म्हणते, “शिवला.”

वळून बघतो तर एक कावळा पानावरून उडतोय. चोचीत भज्याचा तुकडा. कुणाच्या शब्दावर शिवला ते कुणालाच सांगता येत नाही. काकी, अण्णांची बायको, पदर डोळ्यांना लावतात. कांडीवाली बाई मान खाली घालते. रात्रपाळीवाल्याला आता उठवतात. तो दचकून उठतो, हात जोडतो.

माणसं हातपाय धुतात आणि चालायला लागतात.

घाटाकडून गल्लीपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. वाटेत आवाज सुरू होतो. आधी लांबून, भिंतीपलीकडून. मग दोन्ही बाजूंनी. पत्र्याच्या छताचे बुटके कारखाने, जाळीच्या खिडक्या, खिडक्यांच्या जाळीवर कापसाचा थर. प्रत्येक खिडकीतून तोच खडखडाट. पायाखालचा रस्ता बारीक थरथरतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे तेव्हा इथले जहागीरदार. त्यांनी या धंद्याला जागा दिली, बळ दिलं. त्या एका मागाचे पुढं लाखाच्या घरात माग झाले. 2011 च्या जनगणनेत गावची वस्ती 2 लाख 87 हजार भरली. 2022 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. तरी आम्ही गावच म्हणतो.

रस्त्यात बीम भरलेला टेम्पो अडकलाय. दोन हमाल खांद्यावरून बीम उतरवताहेत. सायझिंगच्या खळीचा आंबूस वास. एका दारात वहिफणीचं काम चाललंय. दोघेजण समोरासमोर बसून एकेक तार वहीतून, फणीतून ओवून घेताहेत. हजारो तारा. मान वर न करता. आमचा घोळका बघून त्यातला एक क्षणभर थांबतो, छातीला हात लावतो, परत ओवायला लागतो.

कोपऱ्यावर एक कारखाना बंद आहे. आतले माग भंगारात गेलेत, किलोवर. सिमेंटमध्ये पायाच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. पलीकडच्या मोठ्या शेडमध्ये नवे माग आलेत. त्यांना धोटा नसतो, हवेच्या झोतानं धागा जातो. एकेक माणूस कितीतरी माग बघतो. पगार बरा आहे म्हणतात. तरणी पोरं तिकडं जातात. साध्या मागावर आता पन्नाशी-साठीतले लोक उरलेत आणि उत्तरेकडून आलेली पोरं.

अण्णांचा कारखाना वाटेतच लागतो. जॉबर आत वळतात, त्यांच्यामागं थोरला, त्याच्यामागं मी.

आत पाऊल टाकलं की आधी उष्मा अंगावर येतो. वर पत्रा तापलेला. पंखे नाहीत, वाऱ्यानं, कोरड्या हवेनं ताणा तुटतो. म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं. ओलसर, गरम, तेलकट हवा. चोवीस माग. वीस चालू आहेत. चार उभे आहेत.

त्या चार मागांच्या मधल्या बोळात आम्ही उभे राहतो. रुंदी जेमतेम एका माणसाची. जमिनीची फरशी तिथं झिजून गुळगुळीत झाली आहे, एका बाजूला थोडी खोलगट. भिंतीला खिळा. खिळ्याला बंडी. बंडीखाली एक फुटका आरसा आणि गेल्या वर्षाचं कॅलेंडर. मागाच्या कडेला धोटा ठेवलेला, लाकूड तळहाताच्या घामानं काळपट तुकतुकीत झालेलं. धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत ओढून घेतात. ते भोकही झिजलंय. पाच-सात मिनिटांत कांडी संपते. चार माग म्हणजे दीड मिनिटाला एक कांडी बदलायची, मध्येच तार तुटली तर ती जोडायची, आणि हे संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत. बसायला जागा नाही. वेळही नाही.

मी पहिल्या मागावरचं कापड बघतो. पांढरं, घट्ट, एकसारखं. फणीजवळ शेवटचा धागा लागलाय. त्यापुढं नुसता ताणा, मोकळा.

परवा रात्री एकच्या सुमाराला अण्णांनी हात वर केला. चारही माग ओळीनं बंद केले आणि मग बोळात बसले. शेजारचा मागवाला कानाशी येऊन सांगतो. त्याला वाटलं, लाईट गेली की काय. मग बघितलं तर त्याचे स्वतःचे माग चालूच होते. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

“आधी माग बंद केलं,” तो दोनदा म्हणतो. “चारी.”

तेव्हापासून हे चार माग बंद आहेत. या मागांवर दिवसपाळी करणारा जोडीदार वेगळा. बावीस वर्षं दोघं एकाच बोळात. सकाळी सातला एक बाहेर पडायचा, दुसरा आत यायचा. बोलणं दोन मिनिटांचं. कुठली तार कच्ची आहे, कुठला पिकर सैल झालाय. त्या जोडीदारानं तीन दिवस मागांना हात लावलेला नाही. मजुरी मीटरवर असते. माग बंद तर हातात काही नाही. तीन दिवस त्यानं ते सोसलंय. मालकानंही त्याला एका शब्दानं टोकलेलं नाही. कारखान्यात कुणी त्याची वाच्यता करत नाही.

घरी जेवणाच्या पंगती बसल्यात. गल्लीत मांडव नाही, दोन घरांच्या गच्च्यांना बांधलेली ताडपत्री आहे. गव्हाची खीर, आमटी-भात. वाढणारे गल्लीतलेच. मी पाण्याचा जग घेऊन फिरतो आणि मग जरा आत जाऊन बसतो.

दोन खोल्या, वर पत्रा. अर्ध्या गुंठ्यातलं घर. हे घर एकदम झालेलं नाही. दिवाळीचा बोनस मिळाला की एकेक वस्तू यायची आणि अण्णा त्यावर साल घालायचे. उंबऱ्याजवळ सिमेंट ओलं असताना खिळ्यानं कोरलंय, दिवाळी 1988. तेव्हा शहाबादी फरशी बसली. पंख्याच्या पात्यावर ऑइलपेंटनं 1991. शिलाई मशीनच्या लाकडी फळीखाली 1996. त्या मशीनवर काकींनी गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश शिवले, माझाही. गॅसच्या शेगडीमागं 1999. कपाटाच्या आतल्या बाजूला 2006, कारण 2005 च्या पुरात आधीचं कपाट गेलं. मी लहानपणी या घरात साल शोधायचा खेळ खेळायचो. आज परत डोळे तिकडंच जातात. टीव्हीमागं, माठाच्या तिवईखाली. एक साल सापडत नाही. 2020. त्या वर्षी टाळेबंदीत माग बंद पडले. आठवडे गेले, बोनसचं तर नावच नको.

त्या दिवसांतलं एक आठवतं. आमच्या गल्लीला मागाच्या आवाजात झोप लागते. अंगाईच ती. रात्री लाईट जाऊन माग थांबले की पोरं उठून रडतात, म्हातारी माणसं उठून बसतात. 2020 च्या मार्चअखेरीला सगळेच माग थांबले. पहिल्या रात्री गल्लीत कुणी झोपलं नाही. माणसं उंबऱ्यावर बसून होती. अण्णा मध्यरात्री रस्त्यात येरझाऱ्या घालत होते. मला बघून म्हणाले, “किती मोठ्यानं शांत हाय रे.”

भिंतीवर, माझ्या खांद्याच्या वर, एक आडवी निळी रेघ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी इथपर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायला आठ दिवस लागले. नंतर घराला रंग दिला तेव्हा अण्णांनी रंगाऱ्याला ती रेघ सोडायला सांगितली. 2021 ला परत पाणी आलं, ते रेघेच्या चार बोटं खाली थांबलं. तिथं दुसरी, बारीक रेघ. दोन्ही मागावरच्या निळ्या खडूच्या.

हा खडू प्रत्येक मागवाल्याच्या खिशात असतो. पाळी बदलताना कापडाच्या काठावर खूण करायची. खुणेच्या अलीकडचं त्याचं, पलीकडचं जोडीदाराचं. तागा उतरला की दिवाणजी खुणा बघून मीटर मोजतात, वहीत लिहितात. त्यावर आठवड्याचा पगार. भांडण होऊ नये म्हणून खूण. अण्णांच्या सगळ्या सदऱ्यांच्या खिशांना आतून निळा डाग आहे. काकी सांगतात, “किती धुतलं तरी जात न्हाई.”

काकी स्वतः कांडीवाली होत्या. तीस वर्षं चक्रावर कांड्या भरल्या. लग्न जुळवणारी तिथलीच मोठी मुकादमीण. दोघांची पाळी कधी जुळली नाही. ते रात्री, त्या दिवसा. सकाळी साडेसातला एक तास दोघं घरात एकत्र असायची. “त्या तासात संसार झाला,” काकी म्हणतात. बोलताना त्यांचा आवाजही चढा आहे. मग एकदम थांबतात. घरात तेवढा चढा आवाज आता कुणाला लागणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसतं. पुढचं वाक्य त्या हळू बोलतात.

धाकटी तिवईजवळ बसून एक चौपदरी वही चाळतेय. अण्णांची. दुसरीपर्यंत शिकलेलं अक्षर. भिशी, किराणा, दवाखाना, धाकटीची फी. मालकाकडची उचल एका पानावर, आणि फेडलेला प्रत्येक हप्ता खोडलेला. बहिणीच्या लग्नाची उचल, थोरल्याच्या कॉलेजची, पुरानंतरची. शेवटच्या पानावर एकच आकडा खोडायचा राहिलाय. 1,500. थोरला तो बघतो आणि दिवाणजींना विचारायला बाहेर जातो.

थोरल्यानं मला एकदा सांगितलं होतं. लहान असताना तो डबा द्यायला कारखान्यात गेला आणि गंमत म्हणून माग सुरू करायच्या हातोडीला हात लावला. अण्णांनी आयुष्यात त्याच्यावर एकदाच हात उचलला, तो तेव्हा. “ह्येला हात लावायचा न्हाई. शिकायचं.” आणि मग घरी आल्यावर स्वतः जेवले नाहीत.

दुपार कलते. जतचा टेम्पो निघतो. राखेचं पोतं भावाच्या मांडीवर आहे. ते खाली ठेवायला तयार नाहीत. भांडी घासली जातात, ताडपत्री उतरते. गल्ली तेवढ्यापुरती मोकळी वाटते, पण माग चालू आहेत म्हणून सुनी वाटत नाही.

पावणेसात. पाळी बदलायची वेळ. थोरला मला म्हणतो, चल. आम्ही परत कारखान्यात जातो. दारात सायकली, मोटारसायकली. आत जाणारे, बाहेर पडणारे. डब्यांचा आवाज. जोडीदार आलाय. दिवस त्याची पाळी, पण आज त्यानं रात्र मागून घेतली आहे. जॉबर पान्हा घेऊन उभे आहेत. दिवाणजी वही घेऊन.

थोरला पंधराशे रुपये पुढं करतो. दिवाणजी घेत नाहीत. थोरला हात मागं घेत नाही. थोडा वेळ दोघं तसेच. मग दिवाणजी पैसे घेतात, वहीतली रक्कम खोडतात आणि वही फिरवून त्याला दाखवतात.

जोडीदार खिळ्यावरची बंडी काढत नाही. आपली तिच्यावरच अडकवतो. मग खिशातून निळा खडू काढतो. पहिल्या मागावर वाकतो. फणीजवळ, जिथं शेवटचा धागा लागलाय, तिथं कापडाच्या काठावर खूण करतो. दुसऱ्या मागावर. तिसऱ्या. चौथ्या. प्रत्येक खूण करताना अंगठ्यानं जरा घासतो, पुसली जात नाही ना बघतो. थोरल्याला हातानं सांगतो. अलीकडचं, त्यांचं.

मग हातोडी ओढतो. एक माग. दोन. बोळ थरथरायला लागतो. चारही सुरू झाल्यावर शेजारचा मागवाला मान वळवून बघतो आणि परत आपल्या धोट्याकडे वळतो. आता बोलता येत नाही. आम्ही बाहेर येतो.

चारही तागे पुढच्या आठवड्यात उतरतात. दिवाणजी निळ्या खुणा बघून मोजतात. त्या रात्रीचं, सातपासून एकपर्यंतचं, चारही मागांचं मिळून 78 मीटर. ते अण्णांच्या नावावर लिहिलं आहे आणि त्याची मजुरी काकींना पोचली आहे.